खाऊ तोंडात, अंगावर नको: बाळाच्या एक्झिम्याची रोजची काळजी

तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या गालांवर खरखरीत लाल चट्टे उठले की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. आईच्या ताटातून वांगं, आंबट, डाळ, दूध, अंडं एकेक करून बाहेर जातं. आणि बाळाच्या अंगावर बेसन, साय, हळद, घाण्याचं शेंगदाणा तेल चढायला लागतं. व्हायला हवं ते नेमकं उलटं.

कारण असं. एक्झिम्यात, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या या आजारात, त्वचेचा वरचा थर जन्मतःच कच्चा असतो. त्यातली चरबी आणि फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी पडतं. त्यामुळे आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं: धूळ, साबण, जंतू आणि अन्नातली प्रथिनंसुद्धा. एखादं अन्न शरीराला पहिल्यांदा पोटातून भेटलं तर शरीर बहुधा ते आपलंसं करतं. तेच अन्न फुटलेल्या त्वचेतून वारंवार आत गेलं तर शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करून बसतं आणि पुढे ते खाल्लं की अॅलर्जी उसळते. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच हिशेब आहे: त्वचा बुजवायची आणि अन्न तोंडातूनच द्यायचं.

आधी खात्री करा, हा एक्झिमाच आहे का

लहान बाळात एक्झिमा गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतो. लंगोटाच्या भागात ओल टिकते, म्हणून तो भाग बहुधा सुटतो. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घड्या नंतर, वर्षभराच्या पुढे धरतात. आपल्याकडच्या सावळ्या बाळात लाली नीट दिसतच नाही. चट्टा करडा किंवा तपकिरी दिसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हाताची पालथी बाजू बाळाच्या अंगावरून फिरवा. बारीक सँडपेपरसारखं लागलं की तो भाग धरला आहे.

तळहात, तळपाय, काखेत पुरळ असेल आणि घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल तर खरूज असू शकते. तिचा उपचार वेगळा आणि सगळ्या घराने एकदम करायचा असतो. मानेच्या घडीत, पाठीवर बारीक दाणे आणि तेही एप्रिल-मेमध्ये, तर बहुतेक घामोळं. टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या असतील पण खाज नसेल तर ती नुसती टाळूची खपली, ती आपोआप जाते. शंका असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून निदान होत नाही.

चट्टा बरा झाल्यावर तिथे फिकट डाग राहतो आणि घरात ‘कोड तर नाही ना’ म्हणून धास्ती घेतात. कोड नाही. काही महिन्यांत रंग भरून येतो.

आंघोळ

रोज एकदा आंघोळ चालते, नव्हे हवीच. घाम, धूळ, जंतू त्यानेच निघतात. बिघडतं ते आंघोळीच्या पद्धतीमुळे. नाशिकमध्ये पहिले काही महिने बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात. त्यांचा हात सराईत असतो, पण कढत पाणी, डाळीच्या पिठाने घासणं आणि नंतर ओव्याची धुरी हे तिन्ही एक्झिम्याच्या बाळाला नको. मावशींना हे पहिल्याच दिवशी, प्रेमाने पण स्पष्ट सांगा. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं म्हटलं की बहुतेक जणी ऐकतात.

१. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम मिसळा. कोपर बुडवून पाहा: गरमही वाटू नये, गारही वाटू नये. थर्मामीटर असेल तर ३६ ते ३७ अंश सेल्सिअस.

२. वेळ घड्याळ लावून पाच ते दहा मिनिटं. त्याहून जास्त भिजलं तर त्वचा उलट सुकते.

३. साबणाची वडी नको, मग तिच्यावर बाळाचा हसरा फोटो का असेना. साबण अल्कलीयुक्त असतो, त्याचा सामू (पीएच) ९-१० च्या घरात जातो. त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. त्यामुळे सिंडेट प्रकारचा (साबण नसलेला), बिनवासाचा क्लीन्झर घ्या, डब्यावर ‘पीएच ५.५’ आणि ‘फ्रॅग्रन्स फ्री’ असं छापलेलं पाहा. तोही फक्त मान, काखा, जांघा आणि लंगोटाच्या जागी. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं.

४. पाण्यात डेटॉल, कडुनिंबाचा पाला, मीठ, गुलाबपाणी काहीही नको. बाळ एवढं मळलेलं नसतंच.

५. मऊ सुती पंचाने टिपून घ्या. घासायचं नाही. अंगावर किंचित ओल राहिली पाहिजे.

६. तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. म्हणून डबा आंघोळीच्या जागीच उघडून ठेवा. बाळ पुसायचं, दुपट्यात गुंडाळायचं, आजीकडे द्यायचं, मग डबा शोधायचा, यात दहा मिनिटं जातात आणि आंघोळीचा फायदा हवेत उडतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी असेल तर प्रश्न फारसा नाही. पण शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं आणि ते बहुधा जड असतं. ओळख सोपी आहे: नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. जड पाण्यात क्लीन्झर आणि डिटर्जंट त्वचेवर जास्त चिकटून राहतो. अशा घरात क्लीन्झर आणखी कमी वापरा आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. पाणी मऊ करणारं यंत्र मात्र यासाठी बसवू नका. आधीच झालेला एक्झिमा त्याने कमी होतो का हे इंग्लंडमध्ये चाचणी घेऊन तपासलं गेलं आहे आणि फायदा दिसला नाही.

मॉइश्चरायझर: किती, कोणतं

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रमाणात. सहा महिन्यांच्या बाळाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण १० ग्रॅम लागतं, म्हणजे दोन छोटे चमचे भरून. दिवसातून दोनदा म्हटलं तर आठवड्याला १४० ग्रॅम. त्रास जास्त असेल तर २०० पर्यंत जातं. आता घरातली ट्यूब बघा. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ‘क्रीमने फरक पडत नाही’ ही तक्रार करायचा हक्क अजून आलेला नाही.

इतकं लागतं म्हटल्यावर महागडी परदेशी ट्यूब परवडत नाही, हे उघड आहे. पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि चांगलं काम करते. ती थंडीत उत्तम, पण नाशिकच्या मे महिन्यात अंगभर थापली तर घाम अडतो आणि घामोळं उठतं. उन्हाळ्यात सेरामाइड (त्वचेत असते तशी चरबी) असलेलं किंवा साधं पॅराफिनचं क्रीम अंगाला आणि जेली फक्त गालांना, मनगटांना, घोट्यांना, असं वाटून घ्या. पातळ लोशन सुटसुटीत वाटतं, पण त्यात पाणीच जास्त असतं. युरिया असलेलं क्रीम तान्ह्या बाळाला झोंबतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

लावायची रीत: चमच्याने डब्यातून काढा, बोटांनी नाही. बोटांतले जंतू डब्यात जातात आणि पुढच्या वेळी तेच बाळाच्या अंगावर येतात. अंगावर ठिपके द्या आणि केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने पसरा. चोळायचं नाही. चोळल्याने खाज जागी होते आणि केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात. बाळ निसरडं होतं हे विसरू नका. जमिनीवर अंथरुण घालून लावा, ओट्यावर किंवा मांडीवर नको.

आता तेलाचं. मोहरीचं तेल त्वचेला चुरचुरतं. ऑलिव्ह तेल भारी म्हणून आणतात, पण ते त्वचेचा थर आणखी सैल करतं, असं मोजून पाहिलेलं आहे. घाण्याचं शेंगदाणा, तीळ किंवा बदाम तेल यात त्या दाण्याचं प्रथिन उरलेलं असतं. रिफाइंड तेलात ते जवळपास नसतं. म्हणजे आरोग्याला चांगलं म्हणून लाकडी घाण्यावर रांग लावून आणलेलं तेल फोडणीला वापरा, बाळाच्या फुटलेल्या गालाला नको. खोबरेल हा अपवाद. व्हर्जिन खोबरेल तेलाचा लहान मुलांच्या सौम्य ते मध्यम एक्झिम्यात फायदा दिसला आहे आणि नारळाची अॅलर्जी विरळा. ते चालेल, फक्त कापूर, कढीपत्ता, मेथी घालून उकळलेलं नको.

साय, दूध, बेसन, मसूर पीठ, बदामाची पेस्ट, तुपाचं शतधौत घृत, ओट्स किंवा शेळीच्या दुधाचा साबण: हे सगळं अन्नच. अंगावर नको. तयार क्रीमच्या मागची यादीही वाचा. ‘अॅराकिस ऑइल’ म्हणजे शेंगदाणा तेलच.

स्टिरॉइड मलम

सुजलेला, लाल, ओला चट्टा नुसत्या मॉइश्चरायझरने बसत नाही. तिथे डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मलम देतात, तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याला बहुतेक वेळा हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. लोक दोन टोकांना जातात. एक घर भीतीने मलम बोटावर नुसतं लावल्यासारखं करतं, मग चट्टा महिनोन्‌महिने धुमसत राहतो. दुसरं घर मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ आणतं, ज्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन ही जोरकस स्टिरॉइड, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत गाल गुळगुळीत होतो, घर खूश. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवलं की चट्टा दुप्पट जोराने येतो. चिठ्ठीशिवाय मलम घेऊ नका, एवढाच यातून बोध.

माप बोटाच्या पेरावर असतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून दाबलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटांसकट, जागेला पुरतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा अख्खा चेहरा आणि मान धरली असेल तर एक पेर. फक्त गाल असतील तर अर्धं. दिवसातून एकदा, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, हात फिरवल्यावर खरखर लागेनाशी होईपर्यंत. मॉइश्चरायझर आणि मलम यांच्यात अर्धा तास सोडा, नाहीतर मलम पातळ होऊन नको तिथे पसरतं.

झोप लागावी म्हणून सर्दीचं सिरप द्यायची टूम आहे. तान्ह्या बाळाला ते धोक्याचं, आणि एक्झिम्याची खाज त्याने फारशी थांबतही नाही. खाज थांबते ती ओलाव्याने आणि गारव्याने.

कपडे आणि नाशिकची हवा

निफाडचा पारा एक आकडी गेल्याची बातमी आली की समजायचं, आता गाल फुटणार. थंडीत हवा कोरडी असते आणि वर लोकरीचं स्वेटर, कानटोपी थेट अंगाला लागते. लोकरीखाली कायम धुवून मऊ झालेलं सुती झबलं आणि सुती टोपडं हवंच. आंघोळ दुपारी, ऊन असताना घाला. खोलीत शेगडी पेटवू नका. मॉइश्चरायझर थंडीत दोनाचं तीन-चार वेळा करा.

उन्हाळ्यात खाज वाढते ती घामाने. घाम आला की ओल्या पंचाने टिपा आणि पुन्हा क्रीम. कूलरचा झोत थेट बाळावर नको. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, कुबट राहतात. अशा वेळी इस्त्री फिरवून घ्या. द्राक्षबागेला लागून घर असेल तर फवारणीच्या दिवशी बाळाचे कपडे बाहेर वाळत घालू नका.

कपडे धुताना डिटर्जंट नेहमीच्या निम्मा, आणि स्वच्छ पाण्यातून एक खळबळणं जास्त. फॅब्रिक कंडिशनर नको. मनगट्या, करदोटा, वाळे यांच्याखाली ओल साचते आणि घासून चट्टे पडतात, त्वचा शांत होईपर्यंत काढून ठेवा. काळी तीट चट्ट्यावर नको, कुणाची नजर लागेल असं वाटत असेल तर पायाच्या तळव्याला लावा. नखं आठवड्यातून दोनदा, बाळ झोपेत असताना कापा. टाल्कम पावडर, धूप, मच्छरची कॉइल खोलीतून बाहेर. मच्छरदाणी लावा.

आहार: आईचा आणि बाळाचा

एक्झिमा हा मुळात त्वचेचा आजार आहे. अन्नाची अॅलर्जी काही बाळांत सोबत असते, सगळ्यांत नाही. मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश बाळांना ती असते, सौम्य असेल तर बरीच कमी. म्हणून पहिल्या चट्ट्याला पहिलं पथ्य लावायचं नाही. आधी दोन-तीन आठवडे आंघोळ, मॉइश्चरायझर, मलम हे सगळं बरोबर मापात करून पाहा. बहुतेक घरांत अन्नावरचा संशय तिथेच संपतो.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. आईने सगळं खायचं: वांगं, लिंबू, टोमॅटो, दही, डाळी, अंडं. ‘उष्ण पडतं’ म्हणून बाळंतिणीचं ताट रिकामं करत नेलं की तिचं रक्त आणि ताकद कमी होते, चट्टा मात्र जिथल्या तिथे राहतो. बाळाला गुटी, मध, ग्राइप वॉटर नको. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, सगळ्याच बाळांना द्यायचे असतात. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये ४०० आहे की ८००, ते आधी पाहा.

वरचं दूध लागलंच तर शेळीचं चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. गाईच्या दुधाची खरी अॅलर्जी असेल तर शेळीच्या आणि म्हशीच्या दुधाचीही जवळपास नक्की असते, कारण प्रथिनं एकसारखी. अशा बाळासाठी वेगळं, प्रथिनं तोडलेलं फॉर्म्युला मिळतं, ते डॉक्टर ठरवतात.

सहा महिने पूर्ण झाले, मान सावरते, आधाराने बसतं, ताटाकडे झेपावतं: सुरू करा. एक्झिमा आहे म्हणून उशीर करायचा नाही. उलट याच बाळांना वेळेवर देण्याची जास्त गरज असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली होती. निम्म्यांना वर्षाच्या आतच नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना टाळायला सांगितला. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्के निघाली, खाणाऱ्यांत ३ टक्के. दाण्याच्या कुटावर अर्धा स्वयंपाक चालतो त्या आपल्या घरांना हे माहीत असायलाच हवं. मात्र एक्झिमा तीव्र असेल किंवा एखादं अन्न आधीच बाधलं असेल तर शेंगदाणा आणि अंडं डॉक्टरांना विचारून, गरज पडल्यास तपासणी करून, मगच सुरू करा.

पहिला आठवडा साधा: तांदूळ आणि मूग डाळ भाजून दळलेली खिमट, उकडून कुस्करलेला भोपळा, गाजर, रताळं, केळं. डाळीचं वरचं पाणी नको, त्यात काही नसतं, खालची डाळ घोटून द्या. चमचा तिरका केला की हळूहळू घसरेल इतपत घट्ट. मीठ-साखर वर्षापर्यंत नाही. वर अर्धा चमचा तूप.

मग ज्यांनी अॅलर्जी होऊ शकते ते पदार्थ एकेक करून: दही, गहू, शेंगदाणा, तीळ, अंडं, मासे. घरात जे खाल्लं जातं तेवढंच. शाकाहारी घराने केवळ यासाठी अंडं आणायची गरज नाही. प्रत्येक नवा पदार्थ असा द्या:

सकाळी, बाळ खेळकर असताना, ताप-सर्दी नसताना, त्वचा शांत असताना. आधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. चमच्याच्या टोकावर मावेल एवढं जिभेवर. १० ते १५ मिनिटं थांबा. काही झालं नाही तर उरलेलं भरवा. नंतर दोन तास लक्ष ठेवा. दुसरा नवा पदार्थ दोन-तीन दिवसांनी. आणि जो पचला तो आठवड्यातून दोन-तीनदा चालूच ठेवा. एकदा देऊन महिनाभर विसरलात तर कमावलेलं हातचं जाऊ शकतं.

शेंगदाण्यासाठी ही लापशी. दाणे खमंग भाजा, सालं पाखडा, मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कूट पिठाच्या चाळणीने चाळा, वर उरलेली कणी पोह्यांत टाका. दोन छोटे चमचे नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवा, एक वाटीभर पाण्यात मंद आचेवर सहा-सात मिनिटं ढवळत शिजवा. कोमट झाल्यावर चाळलेलं कूट घाला. पहिल्या दिवशी पाव चमचा, सवय झाली की दोन छोटे चमचे भरून, आठवड्यातून तीनदा. अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, श्वासनलिकेत अडकतो. अंडं १० ते १२ मिनिटं उकळून पूर्ण घट्ट झालेलं, पांढऱ्यासकट कुस्करून, पाव चमच्यापासून. हाफ-फ्राय नको.

द्राक्षाच्या हंगामात घरोघरी पेट्या येतात आणि बाळाच्या तोंडातही द्राक्ष जातं. अख्खं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. धुवून, उभं चार फोडी करून द्या. द्राक्ष, टोमॅटो, संत्रं खाल्ल्यावर फक्त तोंडाभोवती लाली आली आणि अर्ध्या-एक तासात गेली, तर ती बहुतेक आंबट रसाची चुरचूर असते. फळ बंद करू नका, जेली लावून द्या आणि खाऊन झाल्यावर ओल्या कापडाने टिपा. लाळ गळणाऱ्या बाळाच्या हनुवटीलाही हेच: लाळेरं भिजलं की बदला.

खरी अॅलर्जी कशी ओळखायची? काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, बाळ उलट्या करतं. असं झालं तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. दुसरा प्रकार सावकाश: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चट्टे भडकतात. पण चट्टे तर दात येताना, सर्दीत, थंडीच्या लाटेतही भडकतात. म्हणून एका घटनेवर निकाल देऊ नका, वहीत लिहा: तारीख, नवा पदार्थ, किती वेळाने काय झालं, त्या दिवशी क्रीम लावलं होतं का. हा शेवटचा रकाना भरताना बरेच संशय निवळतात.

रक्ताची ‘५० पदार्थांची अॅलर्जी टेस्ट’ आपणहून करू नका. तिच्यात पॉझिटिव्ह आलेले कितीतरी पदार्थ बाळ मजेत खातं. कागद बघून गहू, दूध, डाळ सगळं बंद केलं तर वजन अडतं. त्याहून वाईट म्हणजे चालू असलेलं अन्न लांबवून पुन्हा दिलं की कधीकधी तेच जोरात बाधतं. संशय पक्का असेल तर डॉक्टर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवतात आणि मग मुद्दाम पुन्हा देऊन पाहतात. पुन्हा दिल्याशिवाय ती परीक्षा पुरी होत नाही, आणि घरोघरी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

कधी धावायचं

मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, चट्टा गरम लागणं: जंतू शिरलेत, त्याच दिवशी दाखवा. एकसारख्या आकाराचे, दाटीने आलेले फोड, मध्ये टोचल्यासारखे खोल, सोबत ताप: हा हर्पीस असू शकतो, रात्र असली तरी थांबू नका. ओठावर जर (बारीक पाण्याचे फोड) उठलेल्या पाहुण्याने बाळाची पापी घेतली की हा होऊ शकतो, तेव्हा पाव्हण्यांचं मन राखू नका. खाल्ल्यानंतर श्वास घरघरला, आवाज बसला, बाळ निपचित पडलं, निळं दिसू लागलं तर १०८ ला फोन करा. लस चुकवायची नाही, एक्झिमा हे लस पुढे ढकलण्याचं कारण नाही.

सणवार आणि संस्कार

उष्टावणाच्या खिरीत दूध, रवा, काजू-बदाम पूड, केशर एकदम असतं. मामाच्या मांडीवर बाळ, समोर पन्नास माणसं, आणि पहिल्याच घासाला चार नवे पदार्थ. काही उठलं तर कशाने उठलं ते कळणारच नाही. तारीख थोडी पुढे घ्या, तोवर हे पदार्थ घरी एकेक करून दिलेले असू देत. नाहीतर मामाने भाताची पेज भरवली तरी उष्टावण होतंच.

जावळ काढायचं तर टाळूवरचे चट्टे पूर्ण बसल्यावर, आणि वस्तऱ्याऐवजी ट्रिमरने. कान टोचायचे तर सोन्याचीच तार, निकेलवर मुलामा दिलेली नको. बोरन्हाण नेमकं संक्रांतीला, थंडीच्या कोरड्या दिवसांत येतं. शेंगा, तिळाचा हलवा, हरभरे डोक्यावरून ओतण्याऐवजी बाळाभोवती उधळा, बाळाला पूर्ण बाह्यांचं सुती झबलं घाला, आणि बोरं-शेंगा वेचणाऱ्या मोठ्या मुलांवर नजर ठेवा, ती प्रेमाने बाळाच्या तोंडात दाणा घालतात. दिवाळीचं उटणं बाळाला नाही, वाटीत खोबरेल घेऊन नाकाला बोट लावा, अभ्यंग झालं. रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या हौदावर) बाळ नेऊ नका. बघायला नेलं तरी रंग उडतोच.

एक शेवटचं, जे डब्यावर बारीक अक्षरांत असतं. पॅराफिनचं मलम मुरलेलं कापड ठिणगीने पटकन पेटतं, आणि नुसतं धुतल्याने तो तेलकटपणा पूर्ण निघत नाही. रोजच्या मलमाची झबली आणि दुपटी वेगळी ठेवा, देवघरातल्या समईजवळ, गॅसजवळ किंवा फुलबाज्यांच्या आसपास ती घालून बाळाला कडेवर घेऊ नका, आणि धुतल्यावरही हाताला चिकट लागली की सरळ टाकून द्या. फरशी पुसायलासुद्धा ठेवू नका, ती शेवटी ओट्याखाली सिलिंडरशेजारीच जाऊन पडतात.